झाड तीस वर्षांचं, सौदा एका हंगामाचा

घानाच्या पश्चिम भागात कोकोच्या अशा कितीतरी बागा आहेत की बघणाऱ्याला वाटावं, इथला शेतकरी झोपलाय. झाडं चाळिशी उलटलेली, बुंधे शेवाळलेले, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, फळ धरतं ते मोजकंच. कोकोचं झाड पंचवीस-तीस वर्षांनी उतरणीला लागतं, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग जुनं तोडून नवं का लावत नाहीत? सल्लागार मंडळी याचं कारण ‘जागृतीचा अभाव’ असं लिहितात आणि प्रशिक्षण वर्ग भरवतात. कसणाऱ्याचं उत्तर एवढंच असतं, की झाड पडलं की जमीन जाते.

तिथे परगावाहून आलेलं कुटुंब स्थानिक मालकाकडून रान घेतं, साफ करतं, कोको लावतं, वाढवतं. बाग फळावर आली की वाटणी होते. अर्ध्या वाटणीला अबुनू म्हणतात. दुसऱ्याची तयार बाग राखून तिसरा हिस्सा घेतला तर ती अबुसा. कोकणातल्या जुन्या माणसांना हे वेगळं समजवायला नको, खोतीतले अर्धेल आणि तिर्धेल हेच होते. करार बहुतेक तोंडी असतो. अनेक गावांत त्याचा अर्थ असा लावतात की कुळाचा हक्क कोकोच्या झाडांना चिकटलेला आहे, झाडं उभी आहेत तोवर जमीन त्याची. त्यामुळे कुळ म्हातारं झाड तोडत नाही, रोग लागलेलंही तोडत नाही. चार फळं देणारं ते वठलेलं झाड हाच त्याचा सातबारा असतो.

कोको ‘शाश्वत’ करायच्या गप्पा गेली पंचवीस वर्षं चालल्या आहेत. त्या ऐकताना मला हे झाड आठवतं. माझं म्हणणं साधं आहे. या धंद्यात तीस वर्षांची जोखीम एकटा शेतकरी घेतो, बाकी सगळे एका हंगामाचा विचार करतात. खरेदीदाराचा सौदा हंगामाचा, सरकारने जाहीर केलेला भाव हंगामाचा, संस्थेचा प्रकल्प फार तर तीन-पाच वर्षांचा. हे गणित जुळवल्याशिवाय खताची पोती आणि पुस्तिका वाटून काही टिकणार नाही.

कोकोचं झाड मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते आफ्रिकेत नव्हे, पुत्तूरजवळ, माझ्या काकांच्या पोफळीच्या बागेत. दक्षिण कन्नड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं कऱ्हाडे कुटुंब, घरात अजून त्यांची जुनी मराठी चालते. फळ फांदीच्या टोकाला लागत नाही, फणसासारखं थेट खोडाला लटकतं. काकांनी एक पिवळं फळ कोयत्याच्या पाठीने ठोकून फोडलं. आत सीताफळासारखा पांढरा, आंबटगोड गर आणि त्यात तीस-चाळीस बिया. चोखून बघितलं तर चॉकलेटचा मागमूस नाही. ती चव बी आंबवल्यावर येऊ लागते. घानात बियांचा ढीग केळीच्या पानांत गुंडाळून सहाएक दिवस आंबवतात, मधे दोन-तीनदा उलथतात, मग उंच मांडवावरच्या चटयांवर आठवडाभर वाळवतात. पाऊस आला की घरातलं सगळं माणूस चटया गुंडाळायला धावतं. शेतकऱ्याच्या हातून निघतो तो माल कच्चा म्हणवला जातो खरा, पण त्याची अर्धी पाककृती त्याच अंगणात झालेली असते.

आता भावाकडे येऊ. जगातल्या कोकोपैकी निम्म्याहून जास्त माल आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतो, आणि तो पिकवणारी कुटुंबं बहुतांश दोन-चार हेक्टरवाली आहेत. घानात हेक्टरी चार-साडेचारशे किलो उत्पन्न नेहमीचं. दोन हेक्टरवाल्याचं गणित मांडून बघा. साधारण 14 पोती. 2023 च्या सप्टेंबरात सरकारने पोत्याला 1,308 सेडी (सेडी हे घानाचं चलन) भाव जाहीर केला, म्हणजे वर्षाची सगळी आवक 18,000 सेडींच्या आसपास, तेव्हाच्या दराने आपले सव्वा-दीड लाख रुपये. यातून मजुरी, फवारणी वजा करायची. बाग अबुसाची असेल तर यातला तिसरा हिस्साच कसणाऱ्याचा. डॉलरमध्ये मोजलं तर ही रक्कम भरमसाट वाढल्याचं 2013 ते 2023 या काळात कोणी पाहिलं नाही.

मग 2024 आलं. झाडांना रोग, खराब हवामान, जुन्या बागा, सोन्याच्या बेकायदा खाणींनी गिळलेली शेतं, असं सगळं एकदम येऊन माल तुटला. घानाचं उत्पादन 2020-21 मध्ये दहा लाख टनांवर गेलं होतं, ते 2023-24 मध्ये जवळपास निम्म्यावर आलं. न्यूयॉर्कच्या वायदा बाजारात एप्रिलमध्ये टनाला 11,000 डॉलरच्या वर आणि डिसेंबरात 12,000 च्याही वर भाव गेला. आपल्याकडे कांदा शंभरावर गेल्यावर वाहिन्यांवर जी धांदल उडते तशी जगभर उडाली. शेतकरी श्रीमंत झाला असेल असं वाटलं ना? त्या एप्रिलमध्ये घाना सरकारने भाव वाढवून टनाला 33,120 सेडी केला. डॉलरमध्ये तो 2,500 च्या आतबाहेर, म्हणजे बाजाराच्या चौथ्या हिश्शाइतकाही नाही.

यात सरकारची लबाडी कमी, व्यवस्थेची रचना जास्त. घानाचं सरकारी कोको मंडळ, म्हणजे कोकोबोड, पुढच्या हंगामाचा साठ-सत्तर टक्के माल वर्षभर आधीच विकून टाकायचं. त्या विक्रीच्या जोरावर परदेशी बँकांकडून कर्ज काढायचं आणि त्या पैशातून शेतकऱ्याला रोख द्यायचं. 1990 च्या दशकापासून दरवर्षी हेच चाललं होतं. भाव पडत असताना ही पद्धत चांगली, शेतकऱ्याला हंगामभर एक ठरलेला दर मिळतो. भाव चढताना मात्र तुम्ही जुन्या दराने बांधलेले असता. त्यात माल कमी निघाला तर करार पुरे करण्यासाठी पुढच्या वर्षीचा मालही त्याच जुन्या दराने द्यावा लागतो, आणि घानाला तो द्यावा लागला. तोवर सीमेजवळच्यांनी मोटारसायकलीवर पोती घालून टोगोची वाट धरली. लाखाच्या वर टन माल चोरून गेला असा कोकोबोडचाच अंदाज होता. विदर्भात एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात बाहेरच्या राज्यात भाव चढला की रात्री ट्रक कुठे जायचे, हे आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आणि उतार? तो शेतकऱ्यापर्यंत यायला वर्ष लागत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये घानाने चढत्या बाजाराची भरपाई म्हणून टनाला 58,000 सेडी दिले, आयव्हरी कोस्टने किलोला 2,800 फ्रँक. तोवर बाजार मात्र खाली घसरायला लागला होता. 2026 च्या सुरुवातीला तो 4,000 डॉलरच्या खाली आला, खरेदीदार घानाचा माल उचलेनात, शेतकऱ्यांचे पैसे थकले, आणि फेब्रुवारीत हंगामाच्या मध्यावरच भाव 41,392 सेडींवर आणला गेला. चढ वरच्या वर अडकला, उतार मात्र थेट घरात शिरला. शेअर बाजारवाले याला अस्थिरता म्हणतात. ज्याने 2025 च्या भावावर पोराच्या शाळेची फी भरायचं कबूल केलं, तो काय म्हणत असेल?

‘शेतकऱ्याला जास्त भाव द्या’ हे वाक्य सगळेच म्हणतात. 2019 मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टने ते करून दाखवायचं ठरवलं. दोघांनी मिळून जाहीर केलं, 2020-21 च्या हंगामापासून बाजारभावाच्या वर टनाला 400 डॉलर जास्त मोजा, नाहीतर माल नाही. उत्पादक देशांनी केलेली ही गेल्या अनेक दशकांतली सर्वांत धाडसी चाल होती. कंपन्यांनी टाळ्या वाजवल्या, 400 डॉलर मोजलेही. फक्त घानाच्या कोकोला दर्जासाठी मिळणारा जो वेगळा वरचा दर होता, तो हळूहळू शून्यावर आणि मग उणे केला. या खिशात घातलं, त्या खिशातून काढलं. ऊस उत्पादकाला हे कळायला वेळ लागणार नाही, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, पूर्ण दाखवायची आणि तोडणी-वाहतुकीच्या नावाखाली परत घ्यायची. घानाचं सरकारी धोरणही निर्यातभावाच्या ‘निव्वळ’ रकमेचा किमान 70 टक्के वाटा शेतकऱ्याला द्यायचं होतं. ‘निव्वळ’ या शब्दात किती काय मावतं ते साखर कारखान्याचा ताळेबंद वाचलेल्याला विचारा.

कंपन्यांचा लाडका उपाय आहे उत्पादकता. हेक्टरी चारशेचे आठशे किलो काढा, उत्पन्न आपोआप दुप्पट. एका शेतकऱ्यापुरतं हे खरं आहे. वीस लाख कुटुंबांनी एकदम केलं तर? बाजारात माल साचेल, भाव पडेल, आणि जास्त खत-मजुरी घालून तोच पैसा हाती येईल. यात फायदा कोणाचा, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. म्हणून उत्पादकतेचा सल्ला देणाऱ्या कंपनीला मी एकच प्रश्न विचारेन. दुप्पट झालेला माल तुम्ही कोणत्या भावाने, किती वर्षं घ्याल, हे लिहून द्याल का?

झाडाकडे परत येऊ, कारण सगळं तिथेच अडकलंय. कोकोला फुगीर फांद्यांचा एक विषाणूरोग होतो, 1936 मध्ये गोल्ड कोस्टमध्येच (घानाचं ब्रिटिश काळातलं नाव) तो पहिल्यांदा नोंदला गेला. पिठ्या ढेकूण तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. आपल्या द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांची या किडीशी जुनी ओळख आहे. औषध नाही, झाड तोडणं हाच उपाय. ब्रिटिशांनी 1940 च्या दशकात पथकं पाठवून शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत लाखो झाडं तोडली. 1948 साली अक्रात दंगल उसळली तिची कारणं शोधणाऱ्या वॉटसन आयोगाने या सक्तीच्या तोडणीचा राग त्यांत मोजला. तो देश स्वतंत्र होण्याच्या लढ्यात कोकोच्या बुंध्याचाही वाटा आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. आज पथकं सक्ती करत नाहीत, भरपाई देतात, रोपंही देतात. पण नवं रोप फळावर यायला तीन ते पाच वर्षं लागतात. ती वर्षं घर कशावर चालवायचं? आणि कुळ असेल तर मधल्या काळात मालकाने जमीन परत मागितली तर? हे दोन प्रश्न न सोडवता रोप वाटणं म्हणजे नवरीला न विचारता मांडव घालणं.

सावलीच्या झाडांचंही तसंच. कोको मुळात जंगलातल्या सावलीतलं झाड, वर मोठी झाडं राहिली तर जमीन ओली राहते, उन्हाळा झेपतो, आणि कार्बनवाल्यांनाही आनंद होतो. सल्ला चांगला आहे. पण घानाच्या 1962 च्या कायद्याप्रमाणे रानात आपोआप उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडांची मालकी सरकारकडे. सरकार ते लाकूड ठेकेदाराला विकतं, ठेकेदार येऊन झाड पाडतो, पडताना खालची वीस कोकोची झाडं चिरडतात. मग शहाणा शेतकरी काय करेल? ते रोपटं अंगठ्याएवढं असतानाच उपटून टाकेल. याला अज्ञान म्हणायचं?

बालमजुरीबद्दल न बोलता कोकोवर लिहिता येत नाही. 2001 मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी करार केला, 2005 पर्यंत मुलांची घातक कामं बंद करू. मुदत वाढली, पुन्हा वाढली. 2020 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधन संस्थेने अहवाल दिला, दोन्ही देशांत मिळून सुमारे 15 लाख 60 हजार मुलं कोकोच्या कामात. पळवून आणलेल्या मुलांचे प्रकार आहेत आणि ते गुन्हेच आहेत. पण बहुसंख्य मुलं स्वतःच्या घरच्या बागेत राबतात. पूर्वी फळ फोडायचं काम इर्जिक घालून व्हायचं, तिथे त्याला न्नोबोआ म्हणतात. आज यांच्या, उद्या त्यांच्या बागेत. तरुण शहरात नाहीतर सोन्याच्या खाणीत गेले, इर्जिक मोडली, मजूर परवडेना, उरलं कोण? कोयता धरणाऱ्या पोराचा फोटो लंडनच्या वर्तमानपत्रात येतो. त्याच्या बापाला मोठा मजूर परवडेल असा भाव कोणी छापत नाही.

यावर दोन आक्षेप खरोखर वजनदार आहेत. पहिला, भाव चांगला झाला की लोक जंगल तोडून आणखी कोको लावतील. आयव्हरी कोस्टने 1960 नंतर बहुतेक जंगल असंच गमावलं, राष्ट्रीय उद्यानांतसुद्धा कोको लागला. पण नवं रान तोडायची गरज कोणाला पडते? ज्याला जुन्या रानात पुन्हा लावायचा हक्क नाही त्याला. जमीन तोंडी आणि झाडापुरती असेल, तर पुढचं जंगल शोधणं हाच त्याचा विमा. युरोपने जंगलतोडीविरुद्ध कायदा केला, 2020 च्या अखेरीनंतर तोडलेल्या जंगलातला कोको नको, प्रत्येक शेताचा नकाशा दाखवा. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. पण शेताची हद्द उपग्रहाला दाखवायची आणि त्याच हद्दीतला हक्क कसणाऱ्याला कागदावर द्यायचा नाही, हे अर्धवट काम झालं.

दुसरा आक्षेप, हमीभाव देणारं मंडळ बुडतं. बुडतं, हे महाराष्ट्राहून चांगलं कोणाला माहीत? 1972 मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार योजना मंदीत बाजारापेक्षा जास्त भाव देत राहिली आणि तोट्यात रुतली. म्हणून मी सरकारने भाव ठरवावा असं म्हणत नाही. मला वाट्याचं सूत्र जास्त पटतं. 2013 च्या आपल्या ऊसदर कायद्यात साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उत्पादकाला असं लिहिलंय. अंमलबजावणीत हजार भानगडी आहेत, तरी तत्त्व बरोबर आहे. त्याच्या जोडीला खरेदीदाराशी पाच-सात वर्षांचा करार, त्यात खालची मर्यादा बांधलेली. तीन हजारांच्या खाली बाजार गेला तरी कंपनी अमुकच्या खाली देणार नाही, आणि बदल्यात बाजार बारा हजारांवर गेला तरी शेतकरी माल दुसरीकडे नेणार नाही. कंपन्या वायदा बाजारात आपली जोखीम रोज विकतात. त्यातली थोडी त्यांनी घरी ठेवायला हरकत नाही.

सहकारावर माझा अजून विश्वास आहे, पण डोळे उघडे ठेवून. घानात 1993 मध्ये कुआपा कोकू ही शेतकऱ्यांची संस्था उभी राहिली, ब्रिटनमधल्या डिव्हाइन चॉकलेट कंपनीत तिची मोठी भागीदारी होती. 2020 मध्ये एका जर्मन कंपनीने डिव्हाइन विकत घेतली आणि शेतकऱ्यांचा हिस्सा 20 टक्क्यांवर आला. कारखान्याचा मालक व्हायचं तर पडत्या काळात भांडवल ओतावं लागतं. ते नसलं की भागभांडवलाचा दाखला भिंतीवर उरतो. आपल्याकडे मंगळूरच्या कॅम्पकोने वेगळी वाट दाखवली. 1970 च्या दशकात कर्नाटक-केरळात कोको लावायला खासगी खरेदीदारांनी भरपूर प्रोत्साहन दिलं. 1980 च्या सुमाराला जागतिक भाव कोसळले आणि त्यांनी हात आखडला. लोकांनी झाडं उपटली. तेव्हा सुपारीसाठी 1973 मध्ये निघालेली ही सहकारी संस्था कोकोच्या खरेदीत उतरली आणि 1986 मध्ये पुत्तूरला तिने स्वतःचा चॉकलेटचा कारखाना टाकला. माझ्या काकांच्या बागेतली झाडं त्यामुळे वाचली. मुख्य म्हणजे त्यांचं घर कोकोवर चालत नव्हतं, सुपारी होती, मिरी होती, नारळ होता. कोकणातल्या लाखी बागेचं तत्त्व तेच. भारतात आज कोको बहुतेक असाच आंतरपीक म्हणून आहे, आणि तरीही 2025 मध्ये किलोचा भाव हजाराच्या आसपासहून निम्म्यावर आला तेव्हा आंध्रातले शेतकरी रस्त्यावर उतरले, सरकारला किलोमागे 50 रुपये घालून 500 चा आकडा गाठावा लागला. घानातल्या एकपीक कुटुंबाला तेवढीही उशी नाही.

कुळाच्या कागदाचं काम अशक्य नाही, हे करून पाहिलं गेलंय. घानातल्या आसनक्रांग्वाजवळच्या न्यामे न्नाए नावाच्या गावात अमेरिकेच्या मदतसंस्थेने कोको व्यापाऱ्यांसोबत बागा मोजल्या, मालक आणि कुळ यांचे तोंडी करार कागदावर आणले, आणि जुनी झाडं तोडून पुन्हा लावायची मुभा त्यात लिहिली. आम्ही 1948 च्या कुळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने जे मोठ्या भांडणाने मिळवलं, त्याची एक छोटी आवृत्ती. मालकी बदलली नाही, फक्त मुदत झाडापासून सोडवली. गावातली म्हातारी झाडं त्यानंतर पाडायला लोक तयार झाले. मग प्रकल्पाची मुदत संपली, आणि 2025 मध्ये ती मदतसंस्थाच बंद झाली. त्या गावात तेव्हा लावलेली रोपं आता भर फळावर असतील.